कमरेचे दुसरे शस्त्र

गेल्या भाद्रपदात अमेरिकेतील आमच्या पुतण्याचे पत्र आले. पत्र म्हणजे हल्लीच्या रीतीप्रमाणे ई-मेलच. परंतु 'तीर्थस्वरूप काकांस साष्टांग नमस्कार' असा मायना घालून ते शुद्ध मराठीत लिहिले होते, म्हणून आम्ही त्यास पत्र म्हणतो. हा मुलगा माँटाना नामक डोंगराळ राज्यात बोझमन या गावी इंजिनियर आहे. क्षेमकुशल झाल्यावर त्याने लिहिले होते की, यंदा कचेरीतील दोघा स्नेह्यांबरोबर हरणांच्या शिकारीस जाण्याचे ठरत आहे; तिकडे शरद ऋतूत सरकारी परवान्याने ही शिकार करिता येते; मुख्य शस्त्र रायफल; परंतु त्या रानात ग्रिझली जातीची अस्वले असल्यामुळे, रायफल हाताशी नसता एखादे अंगावर आलेच तर कमरेला दुसरे शस्त्र असावे, असा तेथील पुष्कळांचा प्रघात आहे. हे दुसरे शस्त्र कोणत्या बोअरचे घ्यावे याविषयी मात्र स्नेह्यांचे एकमत होईना. 'आपल्या घरी तात्या आजोबांचे एक रिव्हॉल्व्हर होते असे बाबा सांगत असत. ते कोणत्या बोअरचे होते, आणि त्यांनी ते ठाण्यात का जमा केले, हे तुम्हांस ठाऊक असेल,' असे त्याने शेवटी विचारले होते.

आमचे घर आगाशीचे. आम्ही जन्मभर शाळेत संस्कृत शिकविले. शस्त्र म्हणून हाती धरले असेल तर ती खडूची कांडी. अशा घरात हे पत्र मोठ्याने वाचले गेल्यावर जे व्हावयाचे ते झाले. वहिनींनी, म्हणजे मुलाच्या आईने, निवडावयास घेतलेले तांदळाचे सूप खाली ठेविले. 'भावोजी, तो हरीण मारणार? आणि वर अस्वलाशी गाठ? तुम्ही त्याला चार शब्द लिहा. तुमचे तो ऐकतो.' आमचे थोरले बंधू आता हयात नाहीत. तेव्हा हे काम आमच्याकडेच येणार, हे उघड होते. आम्ही 'लिहितो' म्हटले. परंतु लिहावयास बसलो तेव्हा ध्यानी आले की, 'जाऊ नकोस' एवढेच लिहिणे म्हणजे त्याच्या प्रश्नास उत्तर न देणे होय. चाळिशी गाठत आलेल्या मुलास नुसती आज्ञा पोहोचत नाही. कारण सांगावे लागते. आणि कारण सांगावयाचे म्हणजे एक जुनी गोष्ट उघडावी लागणार होती, जी आम्ही पंचावन्न वर्षे कोणापाशी पुरती सांगितलेली नव्हती.

प्रथम बोअर म्हणजे काय ते आम्ही आमच्या ओळखीच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांकडून समजावून घेतले. घरोघरी हा शब्द ऐकू येतो, परंतु त्यात दोन निरनिराळ्या मोजण्या मिसळलेल्या आहेत, हे आम्हांसही ठाऊक नव्हते. बारा बोअरची बंदूक म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी जिच्या नळीत बरोबर बसेल ती. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटर भरतो. येथे आकडा वाढला की नळी लहान होते. पॉइंट ३२ किंवा पॉइंट ४४ म्हणजे मात्र इंचाचे शंभरावे भाग. येथे आकडा वाढला की नळी मोठी. त्यातही नावावर विसंबू नये. पॉइंट ३८ म्हणून जे विकले जाते त्याची गोळी वस्तुतः पॉइंट ३५७ इंचाची असते, आणि पॉइंट ४४ ची पॉइंट ४२९ ची. नाव एक आणि रूप दुसरे, हा प्रकार केवळ वेदान्तातच आहे असे नाही.

पुढे व्यासाहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोळीचे वजन आणि वेग. या दोहोंपासून जो आघात उत्पन्न होतो तो फूट-पौंडांत मोजतात. एक पौंड वजन एक फूट उचलण्यास जेवढी शक्ती लागते तो एक फूट-पौंड. जुन्या धाटणीच्या पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हरचा आघात शंभराच्या थोडा पुढे जातो. १९३५ साली निघालेल्या पॉइंट ३५७ मॅग्नमचा पाचशे ते सहाशे. १९८३ सालच्या दहा मिलिमीटरचा सहाशेच्या आसपास. १९५५ सालच्या पॉइंट ४४ मॅग्नमचा सुमारे नऊशे. आणि हरणाच्या शिकारीची नेहमीची पॉइंट ३०-०६ रायफल सुमारे २,८०० फूट-पौंड देते. म्हणजे कमरेच्या या हत्यारांपैकी सर्वांत दांडगेही रायफलीच्या एक तृतीयांशाइतकेच. हा आकडा पाहिल्यावर आम्ही कागद बाजूस ठेवून बराच वेळ स्वस्थ बसलो; कारण तात्यांचे रिव्हॉल्व्हर पॉइंट ३२ चे होते.

शिकारीत असे दुसरे शस्त्र बाळगण्याची चाल आपल्या देशातही होती, हे वाचकांस कदाचित नवल वाटेल. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अंमलदार हत्तीवरील हौद्यात बसून वाघाची शिकार करीत. जखमी वाघ हत्तीच्या अंगावर चढून थेट हौद्याशी येई, तेव्हा लांब बंदूक फिरविण्यास जागा नसे. त्या एका क्षणासाठी त्यांनी दोन नळ्यांचे, आखूड आणि फार मोठ्या बोअरचे पिस्तूल करविले. त्यांतील कित्येक पॉइंट ५७७ चे असे. आपल्या हौदा या शब्दावरूनच त्यास इंग्रजीत 'हाउडा पिस्तूल' हे नाव पडले. त्या काळच्या लोकांस एवढे कळले होते की, दोन हातांवर येऊन ठेपलेल्या श्वापदास बारीक गोळी थांबवीत नाही. तथापि तो वाघ हौद्यापर्यंत येण्याचे कारण बहुधा आधीचा फसलेला बार हेच असे, एवढी गोष्ट पिस्तूल करविणारांच्या हिशेबात नसे.

आता तात्यांची हकिकत. तात्या म्हणजे आमचे धाकटे चुलते. तुंगारेश्वराच्या डोंगरापलीकडे पारोळजवळ आमची थोडी भातशेती होती, ती ते पाहत. त्या भागात रानडुकरांचा उपद्रव फार. गरवे भात पिकावयास आले की एका रात्रीत कळप शिरून अर्धे शेत लोळवून टाकी. तेव्हा १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा होता, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अजून यावयाचा होता, आणि पीकरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळत असे. तात्यांजवळ बारा बोअरची दुनळी होती. पुढे मुंबईस एका दुकानात त्यांनी जुने विलायती रिव्हॉल्व्हर पाहिले आणि रीतसर परवाना काढून ते घेतले. सैन्यात चालणारे पॉइंट ३८, पॉइंट ४५५ किंवा नऊ मिलिमीटर हे बोअर सामान्य माणसास मिळत नसत, आणि आजही ते निषिद्धच आहेत. म्हणून जे मिळण्यासारखे होते ते त्यांनी घेतले. कोणत्या कामास पुरेल हा प्रश्न त्यांनी कोणास विचारला नाही. ते काळे, गुळगुळीत, तेल लाविलेले हत्यार होते. दसऱ्यास पाटावर मांडले म्हणजे आम्हां मुलांस दुनळीहून तेच अधिक पूज्य वाटे.

१९७० सालचा कार्तिक. आम्ही बारा वर्षांचे, दिवाळीच्या सुटीत शेतावर गेलो होतो. शेताच्या बांधाशी माळा बांधलेला होता, आणि शंभर पावलांवर कुडाची खोपी. तात्या माळ्यावर बसले. त्यांच्यासोबत आमच्याकडे कित्येक वर्षे राबणारे एक वारली गृहस्थ, ज्यांस आम्ही मुले आबा म्हणत असू. आम्ही खोपीत. मध्यरात्रीच्या सुमारास दुनळीचा एक जाड बार झाला, आणि मागोमाग रानात काहीतरी मोडत गेल्याचा आवाज. थोड्या वेळाने तात्या व आबा टॉर्च घ्यावयास खोपीत आले. चांदणे पुसट होते. काळी आकृती हलताना पाहून तात्यांनी बार टाकला होता, आणि डुक्कर जखमी होऊन कारवीत शिरले होते. आबा म्हणाले, 'तात्या, सकाळच्याला बघू. रगत कुठं जातंय?' तात्या क्षणभर घुटमळले. तेव्हा आम्ही म्हणालो, 'तात्या, पिस्तूल आहे ना कमरेला?'

हे वाक्य आम्ही उच्चारले. तात्यांनी आमच्याकडे पाहिले, कमरेवर हात ठेविला, आणि ते निघाले. आबा त्यांना एकटे जाऊ देणार नव्हते. तेही कोयता घेऊन निघाले.

त्यानंतर जे ऐकू आले ते आजही आमच्या कानात आहे. प्रथम काहीच नाही. मग आबांची हाक. मग चार बारीक बार, एकापाठोपाठ एक, सुक्या काटक्या मोडाव्यात तसे. मग ओरडणे. दाट कारवीत लांब दुनळी अडकली. ती सोडून तात्यांनी रिव्हॉल्व्हर काढले. चारांपैकी दोन गोळ्या मातीत गेल्या, एक कुठे गेली ते कळलेच नाही, आणि एक डुकराच्या खांद्यात बसली. मोठ्या नराच्या खांद्यावरील कातडे ढालीसारखे जाड व चिवट असते. दुसऱ्या दिवशी ती गोळी त्या कातड्याखाली दोन बोटांवर चपटलेली सापडली. डुकराने तात्यांस सोडून आबांची मांडी फाडली होती. शेवटी ते आबांच्याच कोयत्याने पडले. पहाटे बैलगाडीत घालून त्यांस शिरसाडच्या नाक्यावर नेले, तेथून मालवाहू ट्रकने दवाखान्यात. ते वाचले, परंतु उजवा पाय कायमचा अधू झाला. पुढे वीस वर्षे ते सणासुदीस आगाशीस येत, आणि ओसरीची पायरी चढताना त्यांचा पाय ओढलेला आम्हांस ऐकू येई. त्यांनी कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि म्हणूनच तो आवाज आम्हांस अधिक बोचे.

तात्यांनी त्यांच्या औषधपाण्याचा व घराचा भार उचलला, आणि महिन्याच्या आत रिव्हॉल्व्हर परवान्यासह ठाण्यात जमा केले. घरात कोणी म्हणाले, 'ते कुचकामाचे निघाले, मोठ्या बोअरचे असते तर काम झाले असते.' तेव्हा तात्या म्हणाले, 'त्याने डुक्कर मेले नाही हे खरेच. पण ते कमरेला नसते, तर मी अंधारात गेलोच नसतो.' एवढेच. त्यावर ते पुन्हा बोलले नाहीत.

आम्ही पुढे शास्त्रे वाचली तेव्हा हा विषय जागोजागी भेटला. मनूने मृगयेस राजाच्या अत्यंत घातक व्यसनांत गणिले. कौटिल्याने मात्र द्यूताशी तुलना करून मृगया त्याहून बरी ठरविली, कारण तीत व्यायाम आहे आणि चललक्ष्याचा अभ्यास आहे. दोघांचेही म्हणणे आम्ही वर्गात शिकविले. परंतु दशरथाने केवळ आवाजाच्या रोखाने बाण सोडला आणि पाणी भरणारा तापसकुमार पडला, ही कथा शिकविताना मात्र आमचा स्वर दर वेळी खाली येई. दशरथाचा बाण बारीक नव्हता, नेमही चुकला नव्हता. चुकले ते इतकेच की, काय आहे हे न पाहता त्याने बाण सोडला. तात्यांचा पहिला बारही त्याच जातीचा.

म्हणून पुतण्यास आम्ही असे लिहिले.

'चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तात्यांचे रिव्हॉल्व्हर पॉइंट ३२ चे होते, आणि ते त्या कामास अगदी अपुरे होते, हे प्रथम सांगतो. तुला जे दोन बोअर सांगितले जात आहेत ते त्याच्या सहापट-नऊपट आघाताचे आहेत, तेव्हा नुसत्या आकड्याने पाहता दोन्ही बरे. परंतु आम्हांस समजावून देणारे जाणकार गृहस्थ सांगतात की, पॉइंट ४४ चा झटका असा असतो की सराव नसलेल्या माणसाची दुसरी गोळी फार उशिरा व भलतीकडे जाते. धावणारे अस्वल तासाला सुमारे ५५ किलोमीटरच्या वेगाने येते. म्हणजे तीस मीटरांचे अंतर दोन सेकंदांत. तेवढ्यात एक, फार तर दोन बार. तेव्हा जे तुझ्या हातास खरोखर पेलते, ज्याचा तू वर्षभर नेमाने सराव करशील, त्यातील मोठ्यात मोठे ते तुझे बोअर. पॉइंट ३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये सौम्य पॉइंट ३८ स्पेशल काडतुसेही चालतात, त्यामुळे सरावास ते सोयीचे पडते, असेही ते म्हणाले. गोळी मात्र घट्ट, भरीव शिशाची असावी. पुढून पोकळ, फुलणारी गोळी जाड कातड्यात व चरबीतच अडते. तात्यांची गोळी जशी दोन बोटांवर थांबली, तसेच.

'दुसरे असे की, तुमच्याकडे मिरचीच्या अर्काचा फवारा मिळतो. आपल्या घरच्या लाल तिखटातील जे तिखटपण, तेच ते द्रव्य. वहिनींस हे सांगितले तेव्हा त्यांचा प्रथमच थोडा जीव खाली पडला. अलास्कातील प्रसंगांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपकिरी अस्वलांस त्याने ९२ टक्के वेळा परतविले असे दिसून आले. आणि २०१२ सालच्या दुसऱ्या पाहणीत, बंदूक जवळ असलेल्यांनी ती वापरली वा न वापरली तरी इजेचे प्रमाण सारखेच राहिले. फवाऱ्याने नेमका वेध घ्यावा लागत नाही, आणि अस्वलही मरत नाही. ग्रिझली तुमच्या त्या प्रदेशांत १९७५ पासून संरक्षित आहे, तेव्हा हाही विचार करण्याजोगा. तो छातीशी, हात लगेच पोहोचेल असा ठेव. पिशवीच्या तळाशी नव्हे.

'तिसरे, आणि ज्यासाठी हे पत्र लिहिले ते. कमरेचे शस्त्र बांधण्यापूर्वी स्वतःस विचार की, हे नसते तर मी या झाडीत, या वेळी, या जखमी जनावरामागे गेलो असतो काय? उत्तर नाही असे आले, तर ते असतानाही जाऊ नकोस. जे शस्त्र संकटात उपयोगी पडावे म्हणून घेतो, तेच आपल्याला संकटाकडे घेऊन जाते. त्याची किंमत पुष्कळदा शेजारी चालणारा माणूस देतो. पहिला बार शंकेचा असेल तर टाकू नकोस, म्हणजे दुसऱ्याची वेळ बहुधा येणार नाही. आणि ही गोष्ट घरात कोणास ठाऊक नाही ती तुला सांगतो: त्या रात्री तात्या परतण्याच्या विचारात होते. पिस्तुलाची आठवण आम्ही करून दिली.'

येथवर लिहून आम्ही पत्र वहिनींस वाचून दाखविले. शेवटचे वाक्य ऐकून त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'बारा वर्षांचे होता तुम्ही.' आम्ही म्हणालो, 'आबांचा पाय तरी गेलाच ना?' त्यावर त्यांनी उत्तर दिले नाही, ते बरे केले. त्यांनी आपल्या हाताने पत्राखाली एवढेच लिहविले, 'एकटा जाऊ नकोस. कोणी पुढे जा म्हटले तरी जाऊ नकोस.'

आपल्याकडे हा प्रश्न आता उरलेला नाही, याचे आम्हांस समाधान वाटते. १९७२ च्या कायद्याने व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी शिकार बंद झाली. मनुष्यास अथवा पिकास खरोखर धोका असेल तेव्हा वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच काय ते करिता येते. आणि स्वसंरक्षणार्थ सद्भावाने केलेली कृती गुन्हा धरली जात नाही. ज्या तुंगारेश्वरात तात्या कारवीत शिरले ते २००३ पासून अभयारण्य आहे. २०२४ च्या मार्चअखेर वसईच्या किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसला, तेव्हा आम्हांस वाटले की आता कोणीतरी उत्साही मनुष्य परवान्याचे पिस्तूल घेऊन तेथे फिरू लागणार. तसे झाले नाही. लोकांनी संध्याकाळचे फिरणे सोडले, रो-रो बोटीच्या उशिराच्या फेऱ्यांवरही परिणाम झाला, वनखात्याने पिंजरे व कॅमेरे लाविले, आणि सुमारे पंचवीस दिवसांनी बिबट्या पिंजऱ्यात सापडला. आणि तोही जिवंत. पंचवीस दिवस धीर धरणे हे चार गोळ्यांहून अवघड काम आहे. वसईकरांनी ते केले, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

पुतण्याचा फोन कार्तिकात आला. त्याने पॉइंट ३५७ घेतले होते, चार महिने सराव करीन मगच बाळगीन म्हणून ते यंदा घरीच ठेविले होते, आणि फवारा छातीशी बांधून दोघा स्नेह्यांसह तो गेला होता. तिसऱ्या दिवशी, सूर्य मावळल्यावर, दोनशे पावलांवर एक मोठा नर उभा राहिला. कायद्याने अजून थोडा वेळ शिल्लक होता. 'काका, मला त्याची शिंगे दिसत होती, पण खांदा झाडीपासून नीट वेगळा दिसत नव्हता,' तो म्हणाला. 'स्नेही म्हणाला, मार. मला एकदम ते चार बारीक बार आठवले.' त्याने रायफल खाली केली.

वहिनींनी फोन हाती घेऊन विचारले, 'म्हणजे रिकाम्या हाताने आलास ना?' तो 'हो' म्हणाला. त्यांनी देवापुढे साखर ठेविली, आणि थोडी आमच्याही हातावर घातली.